तिकीटघर

आबान महिना सरत आला की सायबेरियातून बदकं उतरतात
आणि त्यांच्या मागोमाग, गुरुवारी, तेहरानची माणसं :
गळ्यात दुर्बिणी, पायांत कोरे करकरीत बूट.
मी तिकिटं फाडते. बाबा होडी काढतो.

या दिवसांत तळ्यावर कमळं नसतात,
नुसते वाळके देठ, मान मोडल्यासारखे,
आणि बोरूंच्या आत कुठेतरी
हजार जणांची दबकी कुजबुज.

कुणीतरी विचारतंच,
"आगा फरामर्ज, तुम्हाला म्हणे यांची बोली येते?"
बाबा वल्ह्याकडे बघतो.
साखरेचा खडा दातांत धरून चहा पितो, सावकाश.

येते. न यायला काय झालं?
वीस हिवाळे त्याने त्याच बोलीवर घर चालवलं.
माझी दप्तरं, आईचं शिलाईयंत्र,
थोरलीच्या लग्नातला तांबडा गालिचा,
सगळं त्या एका आवाजातून आलं :
या, इथे खायला आहे, इथे कुणी नाही.
आणि ती येत.
मग शनिवारच्या बाजारात, पायांना सुतळी,
जोडीजोडीने उलटी लटकत.
पिसं मी उपटायचे. बोटांना आठवडाभर वास.

आता बाबाच्या छातीवर सरकारी बिल्ला आहे.
बंदूक ठाण्यात जमा केली, पावती मिळाली.
आवाज कुठे जमा करायचा
ते कुणी सांगितलं नाही.

परवा एक लहान मुलगी हट्टालाच पेटली.
होडी अजून धक्क्यापासून लांब गेली नव्हती.
बाबाने ओंजळ ओठांशी नेली.
सतरा वर्षांनी ऐकत होते मी ते,
तरी माझी बोटं आधी आखडली.

आभाळातली एक ओळ वाकली.
खाली, अजून खाली, पंख थोपवत, पाय पुढे काढत,
आज्यापणज्यांना फसवलेल्या त्या आवाजावर
नातवंडांचा तसाच भरवसा.
बाबाचा उजवा खांदा आपसूक मागे सरला,
दस्त्याला जागा करून देत.

तेवढ्यात होडीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.
झालं! पाणी फुटलं,
अख्खा थवा भर्रकन उधळला, बोरूंपल्याड गेला.
"अरेरे, फोटो राहिला," कुणीतरी म्हणालं.

बाबा हसत होता. इतका की वल्हं निसटलं.
संध्याकाळी दोर खुंटीला गुंडाळताना
माझ्याकडे न बघताच म्हणाला,
"टाळ्या वाजवणाऱ्यांना उद्यापासून
अर्धंच तिकीट लाव."