गादी

डॉक्टर म्हणाले, मानेतली गादी सरकलीय,
पाच आणि सहाच्या मधली.
मी म्हटलं, कोल्हापुरात बसून
गादीबद्दल इतक्या हळू आवाजात बोलता होय?
ते हसले नाहीत.
सीपीआरच्या बाकड्यावर माझ्यामागं एकोणतीस माणसं
आणि प्रत्येकाचा हात
कुठं ना कुठं स्वतःलाच धरून.

मी हुपरीची. चांदीच्या कडीत कडी घालते.
एका पैंजणात दोनशे चाळीस.
आकडा मला तोंडपाठ,
पाठीला तर झोपेतसुद्धा.
सोळाव्या वर्षी आत्यानं चिमटा हातात दिला,
म्हणाली, मान खाली घालून काम कर, पोट भरंल.
घातली.
पोट भरलं, खोटं कशाला बोलू.
पोरं शिकली, घरावर स्लॅब पडला,
मान तेवढी तिथंच राहिली.

किती दुखतं, एक ते दहामध्ये सांगा, म्हणतात.
सकाळी ते न उघडणाऱ्या बरणीचं झाकण असतं.
दुपारी खांद्यापासून करंगळीपर्यंत
कुणीतरी तापली तार ओढत नेतं,
बारीक, आमच्याच कामातली.
रात्री कूस बदलायची तर
आधी त्याला विचारावं लागतं.
ह्याला आकडा कुठला देऊ?

पट्टा बांधून भाचीच्या लग्नाला गेले.
साज घातला नव्हता
तरी सगळ्या बायका माझ्या गळ्याकडंच बघत होत्या.

मग कुणी सांगितलं, तालमीमागच्या बोळात जा.
वस्ताद बाप्यांची हाडं बसवतात,
बायकांना त्यांच्या घरच्या, इंदाक्का,
आतल्या खोलीत, दार लावून, कोमट तेलानं.
पालथी पडले. तिनं तळवा फिरवला, थांबली.
"कुस्ती न खेळताच
एवढी चीत कुणी केली गं तुला?"
आणि अंगठा ठेवला.
मी रडले.
दुखलं म्हणून नव्हे.
इतक्या वर्षांत ती जागा
न सांगता कुणाला सापडली होती.

तीन दिवस बरं होतं.
तीन दिवस मी बादली उचलली, वेणी घातली,
हाक आली की मागं वळून बघितलं.
चौथ्या दिवशी दुखणं आलं,
माहेरी येतात तसं, कडी न वाजवता,
थेट स्वयंपाकघरात.

आता व्यायाम शिकवणारी पोरगी म्हणते,
टॉवेलची गुंडाळी मानेखाली घ्या, मावशी,
आणि दहा मिनिटं नुसतं वर बघा.
नुसतं?
नुसतं.
घराला छत आहे हे माहीत होतं,
पैसे मीच दिले होते,
पण बघितलं नव्हतं.
पंख्याच्या हुकापाशी एक तडा आहे,
पन्हाळ्याच्या रस्त्यासारखा वळत वळत गेलेला.

परवा परतीच्या बसमध्ये उभी होते,
मान खाली, म्हणजे नेहमीचीच.
मी माणसं पायांवरूनच ओळखते हल्ली.
समोर कॉलेजातल्या पोरीचे पाय,
घोट्यावर पैंजण,
आणि डाव्या पायात, फाशाजवळ,
एका कडीला डाग जरा जास्त बसलेला.
माझा.
तापात केला होता, सराफाच्या नजरेतून सुटला होता.
वाटलं, बघावं तरी तोंड कसं आहे पोरीचं.
मान वर होईना,
मग कमरेपासून सगळीच वळले, दार वळावं तशी.
तोवर पट्टणकोडोली आलं, ती उतरली.
खिडकीतून थोडा वेळ ऐकू येत राहिलं.

घरी आले. गुंडाळी केली, आडवी झाले.
सात मिनिटं झाली असतील,
सराफाचा फोन वाजायला लागला.
वाजू दिला.