पंखास्ना आवाज

साक्रीच्या ग्रामीण रुग्णालयात
माझी खोली फक्त बुधवारी उघडते.
बाकीचे दिवस तिथं सलाईनची खोकी राहतात.
सकाळी आल्यावर ती भिंतीला लावायची,
दोन खुर्च्यांपुरती जागा करायची, की झाला दवाखाना.
दारावर ‘मानसिक आरोग्य’ अशी पाटी आहे,
म्हणून माणसं दार ओलांडताना
आधी मागं वळून बघतात
आणि आत येऊन सांगतात, बीपी मोजाले उनूत.

मोंगीबाई सोनवणेही तशीच आली.
हात पुढं करून बसली.
मनगटात भगताचा काळा दोरा.
आशाताईनं दारातूनच सांगितलं,
चार महिने झाले, रात्रीची ओट्यावर बसून असते,
चुलीकडे बघत नाही.

मी फॉर्म काढला. शुद्ध छापील मराठी.
‘इतरांना ऐकू न येणारे आवाज आपणांस येतात का?’
ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.
मग सोपं करून विचारलं.
येतस, ती म्हणाली. पंखास्ना. दिनरात.
मी ‘होय’वर खूण केली.

माणसांचे आवाज?
एक बाई बोलस.
काय म्हणते?
रोज एकच. बंद शे म्हनस.
पुन्हा खूण. आता हात जरा घाईत होता.
जवळच्या कुणाचा मृत्यू?
नही.

दुसऱ्या बुधवारी धुळ्याहून डॉक्टर येणार होते.
मी कागदावर लाल पेननं ‘तातडीने’ लिहिलं.
डॉक्टर आले. ती आली नाही.
जाऊन-येऊन एसटीला जेवढे लागतात
तेवढ्यात दोन दिवसांचं तेल येतं,
हे मला आशाताईनं नंतर सांगितलं,
तिच्या स्कूटीवर मागं बसले होते तेव्हा.

पठारावर चढलो आणि आधी ऐकू आलं,
मग दिसलं.
मोंगीबाईच्या कुडापासून हाकेच्या अंतरावर
पवनचक्की उभी होती, पांढरी, मान वर करावी लागेल एवढी,
आणि तिचं पातं दर वळणाला
घूं करून ओट्यावरून सावली ओढत नेत होतं.
मी तिथं उभी राहून ऐकलं.
मलाही येत होता आवाज.
पिशवीत फॉर्म होता, त्यावर माझी खूण.

आणि ती बाई?
मोंगीबाईनं आशाताईचा फोन मागितला.
नंबर तोंडपाठ. बोटं न चुकता फिरली.
स्पीकरवर ती बोलली, गोड, न थकता,
आपण डायल केलेला क्रमांक सध्या बंद आहे.
ऐकं? मोंगीबाई म्हणाली.

आंडोर सुरतला लूमवर गेला, त्याला चार वर्षं.
पहिली दोन दिवाळ्या आला.
मेला म्हणावं तर कुणी बघितलं नाही.
आहे म्हणावं तर
ही बाई मध्ये बसली आहे.

माझ्या फॉर्मवर होय आहे, नाही आहे.
या दोहोंच्या मधली जागा
कागदावर अर्ध्या बोटाएवढी कोरी असते,
मोंगीबाई तिथं चार वर्षं राहते.

मी कुडाच्या सावलीत मांडी घातली.
सहावीत बाईंनी वर्गापुढं हसून ‘शे’ म्हणून दाखवलं होतं,
तेव्हापासून मी अहिराणी घराबाहेर काढत नाही.
त्या दिवशी निघाली.
अडखळत, गंज लागलेल्या कडीसारखी:
सांग माय, कसा व्हता तो?

ती आधी हसली. माझ्या बोलीला हसली.
मग सांगू लागली.
लहानपणी माती खायचा. नदीला भ्यायचा.
सांगता सांगता उठून तिनं चूल पेटवली,
स्वतःलाही कळलं नसावं,
कळण्याची भाकर थापता थापता
एकदम थांबून मला विचारलं,
तुले झोप येस का वं?

आशाताई रस्त्याकडे बघू लागली.
वर पातं फिरत होतं.
मी खरं सांगितलं.

गोळ्या सुरू केल्या आहेत.
सुरतच्या पोलीस ठाण्याला पत्र गेलंय, दोन गेली.
मोंगीबाई आता महिन्यातून एका बुधवारी येते,
उरलेल्या बुधवारी आशाताई फोन लावून देते
आणि मी पहिल्या रिंगला उचलते.