किल्लीदार

रजिस्टरात जातीचा रकाना नाही.
नाव, वय, मंडळी, खड्ड्याचे पैसे, सही.
तरीही मी, एलिया सखाराम ओहोळ,
अडतीस वर्षं या दफनभूमीचा किल्लीदार,
डोळे मिटून सांगू शकतो
कडुनिंबाच्या सावलीत कोण, भिंतीलगत कोण,
आणि नळापासून लांब,
जिथं फरशी कधी पोचलीच नाही, तिथं कोण.
मेलेल्यांनी मागितलं नव्हतं.
रांगा आम्हीच आखल्या.

सोनकी काळे बुधवारी सकाळी आली.
तिच्या जालिंदरला पोलिसांनी उचललेलं,
कुणाच्या तरी विहिरीवरची मोटर गेली म्हणून.
"त्या रात्री तर तो सेटलमेंटच्या पत्र्याच्या शेडात
तुमच्याच येशूची भजनं म्हणत होता."
तुमच्याच, म्हणाली.
पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, लांबलचक, चांगली.
मी फाटक ओढून घेतलं.

संध्याकाळी रत्नम्मा दारात,
मांडीवरचं सूप ठेवून तशीच उठून आलेली,
बोटांना तंबाखूचा वास.
"तुमच्याकडं आली, फादरकडं गेली, आमच्याकडं आली.
एका दिवसात तीन देवळं चालली ती बाई, उन्हात.
आता आपण कुणाच्या दारात जायचं?"

तेलुगू चर्चच्या हॉलमध्ये पंखा एकच.
त्याच्याखाली कोण बसणार, यावर पहिली दहा मिनिटं.
अर्जावर नाव कुणाचं वर, यावर अर्धा तास.
मग देवदानम उठला.
"एकोणनव्वदच्या मे महिन्यात
माझ्या बापाची मयत तुमच्या फाटकातून परत गेली.
जागा नाही म्हणालात."
कुणी काही बोललं नाही.
किल्ली तेव्हाही माझ्याच खिशात होती.
आताही होती. मांडीला टोचत होती.

एक तरुण पाळक सावरायला म्हणाला,
आपण ताणा-बाणा आहोत, एकाच चादरीचे.
देवदानमनं हात वर केला,
मागाने दोन बोटं नेलेला.
"चादर झाली की धागा कोण विचारतंय, सर?
ऊब वरच्याला."
मग सगळेच हसले, सोनकी सोडून.

चौकीसमोर पाळ्या लावल्या.
सहा ते दोन मराठी मंडळी, दोन ते दहा तेलुगू,
रात्री कॅथलिक आणि शेडातली माणसं.
गिरणीचे भोंगे कधीचे मुके झाले,
पण अंगाला वेळ आठवत होती.
मागणी एकच: डायरीतली नोंद दाखवा.
फौजदार म्हणाला, पारध्यासाठी तुम्ही?
माझी बायको सुवार्ता, जिनं जन्मात
पोलिसाशी आवाज चढवला नव्हता, म्हणाली,
"नोंद दाखवा."
सतरंजीवर शेंगाची चटणी, कडक भाकरी.
पहिल्या दिवशी डबे चार होते.
दुसऱ्या दिवशी कुणाचा कुठला, कळेना;
हेही खोटं. मला कळत होतं.
मी सोनकीच्या भाकरीकडे हात नेला
आणि मध्येच पाणी घेतलं.
तिनं पाहिलं. भाकरी तशीच माझ्याकडे सरकवली.
खाल्ली. तिखट लागली. डोळ्यांचं निमित्त झालं.

चौथ्या दिवशी जालिंदर बाहेर आला,
तळवे टेकवता येत नव्हते.
नोंद नव्हतीच.
आता वकील आहे, तारखा आहेत,
आणि आमच्यातले निम्मे तारखेला येत नाहीत.
पाळ्यांच्या वहीत रत्नम्मा अजून
गैरहजरांवर लाल फुली मारते.

काल सोनकी फाटकाशी आली.
पोरासाठी नाही. सासू थकलीय, म्हणाली.
आमची माणसं रुळांच्या कडेला पुरतो आम्ही,
पाऊस झाला की उघडी पडतात.
किती पैसे पडतील?

मी रजिस्टर उघडलं. मिटलं.
तिला कडुनिंबाखाली नेलं,
माझ्या स्वतःसाठी राखलेल्या जागेशी.
शेजारी दोन हात मोकळे आहेत.
कमिटी ओरडेल. ओरडू दे, पाळी लावून.

मग मंगळवार बाजारात जाऊन
किल्लीच्या तीन नकला करून आणल्या.
एक देवदानमला, एक फादरना,
एक सोनकीच्या पदराच्या गाठीत.
तिला सांगितलं,
कुलूप जुनं आहे, हट्टी आहे,
आधी थोडं वर उचलायचं,
मग फिरतं.