गादी

ग्राहोल्म बेटावर, जिथे उन्हाळ्यात
रात्री अकरालाही ऊन खिडकीत बसून असतं,
माझे बाबा गाद्या भरतात.
होड्यांच्या, पाळण्यांच्या,
एकदा तर पाद्रीबाबांच्या म्हाताऱ्या कुत्र्याची.
आणि यंदा, चाळीस वर्षांत पहिल्यांदा,
सिंहासनाची.

मीही गेले. पाठीवर बदकपिसांचं पोतं.
वजन म्हणाल तर काहीच नाही,
पण नाकात अशी शिरतात
की दरबाराच्या दारातच मी चारदा शिंकले.

"ये गं, योरुन," राणी थोर्दिस म्हणाली.
ती खालच्या पायरीवर बसली होती,
बूट काढून.
मोज्याला अंगठ्यापाशी भोक.

बाबांनी जुनी गादी उसवली.
काय काय निघालं आतून!
एक पितळी बटण, सफरचंदाच्या बिया,
आणि इवलासा एक दुधाचा दात.
"हाल्वरचा!" राणी ओरडलीच.
"सहा वर्षांचा होता. म्हणाला, हरवला!"

मग मी विचारलं (बाबांनी डोळे वटारले तरी):
"शाळेत सांगितलं, तुम्ही गादी सोडणार.
का? टोचते?"

राणी हसली. मग हसायची थांबली.
"टोचते तर. पण पिसांमुळे नाही.

हे बघ, माझे पणजोबा उठले एका मुलीसाठी.
दीपगृहवाल्याची लेक ती. कायदा म्हणाला,
एक तर मुकुट, नाहीतर ती.
त्यांनी मुकुट मेजावर ठेवला, हातमोजेही तिथेच विसरले,
आणि धावत सुटले धक्क्याकडे.

त्यांच्या भावाला मात्र लोकांनीच उठवलं.
मिठावर कर लावला होता त्याने. मिठावर!
इथे, जिथे मासे खारवल्याशिवाय हिवाळा सरत नाही.
सगळं गाव चौकात उभं राहिलं.
दगड नाही, शिवी नाही.
फक्त तो आला की टोपी कोणी काढेना.
तीन दिवस. चौथ्या दिवशी तोच म्हणाला, निघतो मी.

आणि आत्या... तिला काय हवं होतं बरं?
हां, घोडे. राज्य नाही, घोडे."

"आणि तुम्हाला?"

तिने हात पुढे केला. बोटं थरथरत होती,
वाऱ्यात वाळत घातलेल्या जाळ्यासारखी.
"मागच्या महिन्यात एकाच कागदावर
मी दोनदा सही केली.
सगळ्यांनी पाहिलं. कोणी बोललं नाही.
राणीला कोण सांगणार, बाई, तुम्ही विसरलात?
म्हणून मीच सांगितलं.
रात्री, आरशासमोर, जरा मोठ्यानेच.

तिकडे हाल्वर सत्तेचाळीसचा झाला.
दाढी पिकली, तरी म्हणवतो अजून 'धाकटा'."

"उतरताना रडू येईल?"
"येईल थोडं. मग भूक लागेल.
पायऱ्या तीनच आहेत गं.
चढताना बिगूल होते, घंटा होत्या,
झग्याचं टोक धरायला सहा जणी.
पायउतार व्हायला
आपले दोन पाय पुरतात.
गुडघे कुरकुरतात, तेवढंच."

बाबांनी नवी गादी ठोकून ठोकून भरली.
"बसून बघता, राणीसाहेब?"
"मी कशाला? हाल्वरच्या मापाने भरा.
तो रुंद आहे."

मग मलाच बसवलं.
माझे पाय जमिनीला टेकेनात.
वरून बाबांचं टक्कल दिसलं,
मला ठाऊकच नव्हतं ते इतकं मोठं आहे!

शेवटचा टाका घालायच्या आधी
राणीने तो दात पुसला
आणि पिसांत, अगदी मधोमध, टाकून दिला.
"अहो, टोचेल की!" बाबा म्हणाले.
"टोचू द्या," ती म्हणाली, बूट शोधत.
"राजाला थोडं टोचलेलं बरं असतं."