माहितीपत्रकातली दुरुस्ती

सावद्याच्या बसस्टँडसमोर, रसवंतीच्या माडीवर
माझं ऑफिस. एक टेबल, एक पंखा
आणि भिंतीवर एक बेट.
सहा रात्री, सात दिवस, नाश्ता धरून.

मी ते पाहिलेलं नाही.
त्याचा भूगोल मात्र माझ्याच अक्षरातला आहे.
उत्तरेला प्रवाळ, काचेच्या तळाच्या होडीतून दिसतात.
मधोमध निजलेला ज्वालामुखी, चढायला दीड तास.
पश्चिमेला पांढरी वाळू. सूर्यास्त रोज.

एप्रिलात द्वारकाबाई झांबरे जिना चढून आल्या.
"पोरगा म्हणे, मथुरेले जा.
मथुरेले त माझी केळी जाते, दर आठ दिवसाले.
मले जठी केळी जात नाही तठी जायचंय."
मग बेटाकडे बोट करून,
"पाणी कसं आहे तठलं? बोर किती फुटाले लागते?"
हे पत्रकात नव्हतं.
मी म्हटलं, "निळं आहे, मावशी."
"निळं त घासलेटबी राहे."

परतल्या तेव्हा मे. बाहेर सेहेचाळीस.
शेवरीच्या कुंपणाआड केळीची पानं
झळांनी चिरून दोऱ्यांसारखी लोंबत होती.
मी रसाचे दोन ग्लास मागवले.

प्रवाळ?
"तळलेल्या बिबडीसारखे. नुसते फोडच फोड."
ज्वालामुखी?
"चढली नाही. पायथ्याची माती उचलून वास घेतला.
काळी. आपल्यासारखीच.
नात सांगे, आपलीबी अशीच आगीतून आली."
समुद्र?
ग्लास खाली ठेवून त्या थोडा वेळ पंख्याकडे बघत राहिल्या.
"एवढं पाणी, अन् एका झाडाले देता येत नाही."

चौथ्या दिवशी सगळे वाळूवर आडवे झाले असताना
त्या हॉटेलच्या मागच्या गल्लीत शिरल्या.
एका अंगणात केळीचं खोड,
भोवती सातआठ मुनवे, सगळे वाढू दिलेले.
"पाहवलं नाही मले. विळा मागतला, हातानं खुणावून."
एक ठेवला, बाकीचे कापले.
त्या घरची बाई आधी ओरडली, मग शेजारी उकिडवी बसली.
घडाच्या फण्या दोघींनी मोजल्या. नऊ.
द्वारकाबाईंनी बोटं दाखवली, आमच्याकडे बारा.
तिनं मान हलवली. खोटं.
मग एक केळं तोडून दिलं.

"कसं होतं?"
"बुटकं. साल पातळ."
जिन्याकडे एकदा बघून, आवाज उतरवून,
"आपल्यापेक्षा गोड.
फैजपुरात कोनाले सांगू नको."

या आठवड्यात पत्रक नव्यानं छापायला टाकलं.
सूर्यास्ताच्या खाली दोन ओळी वाढवल्या.
पाणी खारट, प्यायचं टाकीत साठवतात.
हॉटेलच्या मागे, डाव्या गल्लीत, केळीचं एक झाड,
त्याला आता एकच मुनवा.

प्रेसवाल्या उखर्डूचा फोन आला,
"शेवटची ओळ आकर्षणांत घेऊ, की बारीक टायपात, सूचनांमध्ये?"
थांब म्हटलं,
विचारून सांगतो.