स्थानिक विद्यार्थी

खिडकीवरची पाटी जुनीच, निळ्या ऑइलपेंटची :
विद्यार्थी वीस रुपये.
यंदा कोणीतरी आधी खडूनं जोडलंय : स्थानिक.
'स्था' अर्धा पुसलाय,
तरी नियम शाबूत आहे.

आत हनीफचाचा. मला ओळखतात
बाबा हातात झेंडी घेऊन टचलाइनवर धावायचे
आणि मी चौथ्या पायरीवर
त्यांच्या डब्याची राखण करायची, तेव्हापासून.
ओळखपत्र उलटंपालटं करतात,
माझ्या फोटोवरून अंगठा फिरवतात,
जणू खाली दुसरं गाव निघेल.

'हे तर कोल्हापूरचं आहे, बेटा.'
'हो चाचा.'
'कोल्हापूर लोकल नाही होत.'
'मी तर आहे ना.'
'तू आहेस. कार्ड नाही.'

सव्वीस-सत्तावीस तास लागतात तिकडून.
एक रात्र, एक अख्खा दिवस,
भुसावळला थंड झालेला चहा,
बडनेऱ्याला कोणीतरी 'कायले ढकलून राह्यला बे' म्हणालं
आणि मला वाटलं, आलंच आता.

मोठ्यांचं तिकीट दीडशे. ते सकाळीच संपलं.
विद्यार्थ्यांचा गुलाबी गठ्ठा मात्र
चाचांच्या कोपराशी तसाच, रबर लावलेला,
ह्या शहरातल्या
ज्या पोरांना यायचंच नाही
त्यांच्यासाठी राखून ठेवलेला.
सुगतला मिळालं त्यातलं एक.
माझा भाऊ. ऑफसाइड कळत नाही अजून,
पण कॉलेज धंतोलीत आहे.

तिकडं हॉस्टेलात विचारतात, तू कुठल्या पेठेची?
अजनीची, म्हणते.
ही कुठली पेठ गं?
एकदा गेले होते त्यांच्यासोबत मॅचला.
अख्खं गाव दोन रंगांत वाटलेलं,
आयाबाया गच्चीवरून शिव्या देत होत्या नावं घेऊन,
आणि मी मधे, पांढऱ्या ओढणीत.
दोन्ही गोलांना टाळ्या वाजवायची मोकळीक होती मला.
इतकी मोकळीक
कोणाला हवी असते?

चाचा म्हणाले, कमिटीला विचारतो.
फोन लावला. कमिटी जेवत होती.
मग त्यांनी खिडकीतून शेंगदाण्याची पुडी सरकवली,
अर्धी खाल्लेली,
आणि खिडकी लावून घेतली. आवाज न करता.
जोरानं लावली असती तर बरं झालं असतं.

तर मी पुलावर.
इथून इकडचा गोल दिसतो, जाळीच्या गाठींसकट.
पलीकडचा पाण्याच्या टाकीमागे.
म्हणजे पहिल्या हाफमध्ये आपल्यावर झालेला गोल
मी नीट, संपूर्ण बघितला.
कीपर उठला, हातमोजे झटकले,
चौथ्या पायरीवर कोणीतरी माझ्या जागी उभं राहिलं
आणि मग खाली बसलं.

दुसऱ्या हाफमध्ये सगळी गर्दी टाकीमागे.
फोनवर सुगत : 'ताई, फ्रीकिक आहे बहुतेक.
नाही, कॉर्नर. का काय म्हणतात त्याले.'
'घेतंय कोण?'
'सात नंबर.'
'डाव्या पायानं?'
'थांब ना.'

ओरडा आधी हवेतून आला,
पत्र्याच्या शेडवरून, लोहमार्गावरून,
आणि मग तोच ओरडा फोनमधून,
एका श्वासाइतका उशिरा, बारीक होऊन.
सुगतचा शब्द त्यात बुडाला.
गोल की हुकला? कोणाचा?
फोन कट.

कठड्याला टेकलेला हमाल
बिडी विझवून विचारतो,
'कोन जितून राह्यलं व पोरी?'
'आपण,' म्हटलं.
'आपन म्हंजे?'

तेवढ्यात खालून मालगाडी सुटली, कोळशाची.
पूल थरथरायला लागला.
त्यानं कानाला हात लावून पुन्हा विचारलं.
मी डबे मोजत राहिले.
अठ्ठावन्न होते.