सत्तेचाळीस नंबरचा खांब

सरळ येणारं विमान इथे कुणी बघत नाही.
ते लिस्बनला बघा, सपाटीवर,
जिथे जमीन आधीपासूनच होती.

मदेराला जमीन पुरली नाही,
म्हणून धावपट्टी समुद्राकाठी उभी केली, खांबांवर.
सत्तेचाळीस नंबरचा आम्ही ओतला:
मी, एलेउतेरियु, आणि माशिकूचे दोघे भाऊ
ज्यांचं एकमेकांशी बोलणं नव्हतं.
एक बादली पुढे करायचा, दुसरा न बघता घ्यायचा.
काँक्रीट तरी जुळून आलं.

आता गुडघे गेलेत.
दुपारी सांताक्रुझच्या वरच्या रस्त्याला
केळीच्या बांधावर बसतो.
एलेउतेरियु दुर्बीण आणतो आणि वही,
मी अंदाज.

येतं ते असं:
समुद्रावरून थेट डोंगरावर चाल करून,
जणू वैमानिक घरून भांडून निघालाय.
पाहुणे किंचाळतात.
आम्ही खारवलेल्या बियांची सालं थुंकतो.
मग अगदी शेवटी उजवा पंख कलतो,
कौलांवरून, कुणाच्या वाळत्या चादरीवरून
सावली तिरकी ओढली जाते,
आणि वळण पुरतं सरळ होतंय न होतंय
तोच चाकं टेकतात.
एलेउतेरियु वेळ लिहितो. कशासाठी, विचारायचं नाही.

उत्तरेचा वारा सुटला की गोष्ट वेगळी.
डोंगर ओलांडताना तो फुटतो
आणि अलीकडे उतू जातो, दुधासारखा.
अशा दिवशी विमान खेकड्यासारखं येतं,
नाक एकीकडे, जाणं दुसरीकडे.
अशा दिवशी मी विमान बघतच नाही,
केळीची पानं बघतो.
फाटकी पानं पोट दाखवू लागली
की समजायचं, आज कुणी उतरत नाही.

मंगळवारी झुल्मिरा आली.
ती कधी येत नाही इकडे.
तिच्या लेखी विमान म्हणजे माणसं घेऊन जाणारी वस्तू.
तिचा नेलियू अकरा वर्षं जर्सी बेटावर,
हॉटेलात बटाटे सोलतो.
तिने ठेवणीतला कोट घातला होता, उन्हाचा,
हाताला तमालपत्राचा वास,
मांस सळईला लावून, झाकून आली होती.

पानं केव्हाचीच पालथी होती.
मी काही बोललो नाही.

पहिल्यांदा ते आलं, कललं, डगमगलं,
चाकं आमच्या डोळ्यांसमोर पोटाखाली लोंबत होती,
आणि एकदम नाक वर करून निघून गेलं.
दुसऱ्यांदा त्याहून खाली आलं.
खिडक्या मोजता येत होत्या.
झुल्मिराने हात वर केला,
हलवायचा की नाही ते न ठरवता.
तिसऱ्यांदा आलंच नाही.
वर घिरट्या घातल्या,
मग पोर्तु सांतूच्या दिशेने लहान लहान होत गेलं.

एलेउतेरियुने वही मिटली.
मी म्हणालो, सकाळी येईल, वारा पडेल.
तिने कोटाची वरची दोन बटणं सोडली.
"लहानपणीही असाच," ती म्हणाली,
"दारापर्यंत यायचा,
आतून कुणाचा आवाज येतोय ऐकायचा,
आणि बापाचा असला तर
मागच्या मागे पळायचा."
मग हसली. बाप जाऊन सहा वर्षं झाली.

रात्री झोप लागली नाही.
उजाडायच्या आधी खाली गेलो, धावपट्टीच्या पोटात,
जिथे पोरं फुटबॉल खेळतात
आणि होड्या रंगवायला ठेवतात.
सत्तेचाळीसला पाठ टेकून उभा राहिलो.
वारा पडला होता. समुद्र ताटासारखा.

आधी आवाज, मग तो धक्का,
छतातून खांबात, खांबातून मणक्यात.
खालून विमान दिसत नाही.
वजन आलेलं कळतं.

एलेउतेरियुला फोन लावला.
शिव्या देतच उठला.
सहा चाळीस, म्हटलं.
लिही.